कामगार साहित्यातले न दिसणारे टेबल

१

बजाजनगरच्या मोहटादेवी चौकापासून चालत दहा मिनिटांवर मी राहतो. घरातल्या लोखंडी कपाटात एक रेक्झिनची पिशवी आहे आणि तिच्यात नेमणुकीची पाच पत्रे. पाचही पत्रे एकाच कारखान्यातली, एकाच मशीनवरच्या एकाच कामाची आणि प्रत्येक पत्र सात महिन्यांचे. दोन पत्रांच्या मध्ये काही दिवसांची फट आहे. आमच्याकडे तिला ‘ब्रेक’ म्हणतात. वर्षभरात २४० दिवस भरले तर कायम होण्याचा दावा करता येतो, आणि सात महिने म्हणजे जेमतेम २१० दिवस. हा हिशेब वाळूजच्या कुठल्याही पोराला तोंडपाठ असतो. तो त्याला कुणी शाळेत शिकवलेला नसतो.

शेवटच्या ब्रेकनंतर आम्ही सहा जण एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. टेबलापलीकडचे साहेब उद्धट नव्हते. त्यांनी बसायला सांगितले, पाणीही दिले. मग विचारले, “तुम्ही कोणाचे कामगार? कंपनीचे की ठेकेदाराचे? युनियन कोणती? तिला मान्यता आहे का?” पहिल्याच प्रश्नाला आमच्यातल्या तिघांची उत्तरे वेगळी आली. आमचे गाऱ्हाणे काय, हा प्रश्न त्या दिवशी निघालाच नाही. आम्ही कोण हेच ठरत नव्हते, तर गाऱ्हाणे तरी कोणाचे म्हणून लिहून घेणार?

पुढे मी रात्रीच्या अभ्यासावर एम.ए. झालो आणि आता तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. म्हणजे ब्रेक अजून सुटलेला नाही. मराठीतल्या कामगार साहित्यावर मी पूर्वी लिहिले आहे. त्या लेखांत वेदना, विद्रोह, वर्गजाणीव हे शब्द पुष्कळ होते; ते टेबल मात्र कुठेच नव्हते. प्रस्तुत लेख त्या चुकीची दुरुस्ती आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : वसाहती राजवटीने कामगाराशी बोलण्यासाठी एक टेबल मांडले, ते मुंबईपासून नैरोबीपर्यंत एकाच सुताराने घडवल्यासारखे होते आणि राजवट गेल्यावरही ते हलले नाही. मराठी कामगार साहित्याने गिरणी पाहिली, चाळ पाहिली, मोर्चा पाहिला. या टेबलाकडे मात्र फारसे पाहिले नाही. आम्हा समीक्षकांनी तर नाहीच.

२

आधी हे टेबल कसे तयार झाले ते पाहू.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले, तेव्हा ते निवेदन घेणारे स्वतंत्र कामगार खाते सरकारजवळ नव्हते. कारखान्यांचा पहिला कायदा १८८१चा. त्याचा रोख मुख्यतः मुलांच्या कामाच्या तासांवर होता. नोकरीचा करार मोडणाऱ्या कामगाराला शिक्षा देणारा कायदा मात्र त्याच्याही आधीपासून, १८५९पासून होता. आगाऊ पैसे घेऊन काम सोडणारा कारागीर किंवा मजूर या कायद्याखाली तुरुंगात जाऊ शकत असे. तो रद्द करण्याचे ठरायला १९२५ साल उजाडले. सरकारला कामगार प्रथम दिसला तो करार मोडणारा गुन्हेगार म्हणून, हे ध्यानात ठेवावे लागते.

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत संपांची लाट आली आणि १९२१ साली मुंबई सरकारने लेबर ऑफिस उघडले. त्याच वर्षी ‘लेबर गॅझेट’ हे मासिक निघू लागले. कामगाराच्या घरात धान्यावर किती खर्च होतो, भाड्यावर किती, कर्जाच्या व्याजावर किती, याची मोजदाद तिथे सुरू झाली. ही मोजदाद आज अभ्यासकांना फार उपयोगी पडते. माझ्याही पडली आहे. पण ती कशासाठी होती हे विसरता येत नाही. ज्याचा संप मोडायचा किंवा मिटवायचा, त्याच्याबद्दल माहिती असलेली बरी, हा त्यामागचा एक विचार होता.

१९२६च्या कायद्याने युनियनची नोंदणी आली. सात माणसांनी अर्ज करावा, नियम जोडावेत, निबंधकाने प्रमाणपत्र द्यावे. नोंदणीमुळे संरक्षण मिळाले. परंतु मालकाने त्या युनियनशी बोललेच पाहिजे असे बंधन आले नाही. नोंदणी आणि मान्यता यांच्यातली ही फट महत्त्वाची आहे. १९२८ साली गिरण्यांचा सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप झाला, गिरणी कामगार युनियनचे सभासद झपाट्याने वाढले आणि १९२९ साली तिच्या पुढाऱ्यांना मीरत कटाच्या खटल्यात गोवण्यात आले. त्यानंतर १९३४ साली मुंबई इलाख्यात समेटाचा कायदा झाला. त्याने ‘सरकारी कामगार अधिकारी’ हे पद निर्माण केले. कामगारांना आपला प्रतिनिधी निवडता आला नाही, तर त्यांच्या वतीने बोलायला हा अधिकारीच उभा राहू शकत होता. सरकारच पंचांना बोलावणार आणि सरकारचाच माणूस कामगारांचे म्हणणे मांडणार, अशी ही व्यवस्था होती. दुसऱ्या बाजूला मालकसंघाने १९३५ साली बदली कामगारांसाठी कार्डे काढली. महिन्याच्या सुरुवातीला निवडक माणसांना कार्ड मिळायचे आणि कार्डवाल्यालाच बदलीचे काम. ‘बदली’ हा शब्द तोवर बोलण्यातला होता. कार्ड आले आणि तो माणसाचा दर्जा झाला.

१९३८ साली बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने औद्योगिक कलहाचा कायदा आणला. समेटाची लांबलचक प्रक्रिया पुरी होण्याआधी केलेला संप त्याने बेकायदा ठरवला आणि युनियनांचेही दर्जे पाडले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधिमंडळात केलेला विरोध मुळाला हात घालणारा होता. संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे, आणि माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कामावर राहायला शिक्षेच्या धाकाने भाग पाडणे ही गुलामगिरी आहे, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. करार मोडणे हा गुन्हा नसेल, तर अनेकांनी मिळून काम थांबवणे हा गुन्हा कसा, हा त्यांचा प्रश्न १८५९च्या त्या रद्द झालेल्या कायद्याच्या सावलीशीच भांडत होता. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. परळच्या कामगार मैदानावर सभा झाली. कायदा तरी राहिलाच. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने तोच साचा पक्का केला : एका उद्योगात, एका भागात, एकच प्रातिनिधिक युनियन. १९८२च्या जानेवारीत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा पगारवाढीबरोबर हा कायदा रद्द करा हीही मागणी होती. लोकांना आज पगाराची मागणी आठवते, ही आठवत नाही.

३

आता आफ्रिकेकडे वळतो. कारण हा साचा मुंबईपुरता नव्हता हे तिथे गेल्यावर कळते.

१९३० साली ब्रिटिश वसाहतमंत्री लॉर्ड पासफिल्ड यांनी वसाहतींच्या गव्हर्नरांना एक परिपत्रक पाठवले. पासफिल्ड म्हणजेच सिडनी वेब. पत्नी बिअ‍ॅट्रिस यांच्यासह ब्रिटिश युनियनांचा इतिहास लिहिणारा हा माणूस. परिपत्रकाचा मथितार्थ असा की युनियनांना कायदेशीर स्थान द्या, पण नोंदणी सक्तीची ठेवा आणि त्यांच्यावर सहानुभूतीने देखरेख करा, नाहीतर त्या असंतुष्टांच्या हाती जातील. ‘सहानुभूतीने देखरेख’ हे शब्द मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला पाणी विचारणारे ते साहेब आठवले.

केनियात या देखरेखीला आधीची पार्श्वभूमी होती. १९०६च्या मालक-नोकर कायद्याने काम सोडून जाणे हा गुन्हा केला होता. पहिल्या महायुद्धानंतर आफ्रिकी पुरुषांना ‘किपांडे’ बाळगणे सक्तीचे झाले. बोटांचे ठसे आणि नोकरीची नोंद असलेला हा कागद धातूच्या डबीत घालून बहुधा गळ्यात अडकवावा लागे. मालकाने सोडल्याची सही त्यावर नसेल, तर दुसरीकडे काम धरणे अवघड. माणूस कोण आहे हे त्याला विचारण्याची गरजच उरली नव्हती. डबी उघडून पाहिले की झाले.

अशा नैरोबीत १९३५ साली मखन सिंग या तरुण पंजाबी कार्यकर्त्याने सगळ्या वर्णांच्या कामगारांना खुली असलेली लेबर ट्रेड युनियन उभी केली. १९३७ साली दोन महिन्यांचा संप करून तिने पगारवाढ मिळवली. १९३९च्या अखेरीस मखन सिंग भारतात आले. मुंबई-अहमदाबादच्या कामगार चळवळीत ते वावरले आणि मे १९४० मध्ये त्यांना इथेच अटक झाली. म्हणजे नैरोबीचा संघटक आणि आपले गिरणगाव यांची गाठ प्रत्यक्षात पडलेली आहे. १९४७ साली ते केनियात परतले. १९४९ साली फ्रेड कुबाई यांच्यासह त्यांनी पूर्व आफ्रिकेच्या युनियनांचा महासंघ काढला. सरकारने त्याची नोंदणी नाकारली. एप्रिल १९५०मध्ये नैरोबीतल्या सभेत त्यांनी पूर्व आफ्रिकेच्या स्वातंत्र्याची मागणी केली, मे महिन्यात त्यांना पकडण्यात आले आणि १९६१च्या ऑक्टोबरपर्यंत त्यांची स्थानबद्धता चालू राहिली.

पुढचा भाग आपल्याला अधिक ओळखीचा वाटावा. केनिया १९६३ साली स्वतंत्र झाला. १९६५ साली सरकारने प्रतिस्पर्धी महासंघ मोडीत काढून एकच मध्यवर्ती संघटना स्थापन केली आणि तिच्या कारभारात आपला हात ठेवला. खेर मंत्रिमंडळाने १९३८ साली आणि नंतरच्या सरकारांनी मुंबईत जे केले, त्याचेच हे भावंड. राज्यकर्त्याची खुर्ची बदलली, पण टेबल इतके सोयीचे होते की ते टाकून द्यावे असे कुणालाच वाटले नाही. मखन सिंगांना स्वतंत्र केनियात फारसे स्थान मिळाले नाही. १९६९ साली त्यांनी केनियाच्या युनियन चळवळीचा इतिहास प्रसिद्ध केला. अर्ज, ठराव, पत्रे, तारखा यांनी तो भरलेला आहे. अकरा वर्षे बंदिवासात काढलेला माणूस स्वतःच्या यातनांवर पाने खर्च करील अशी आपली अपेक्षा असते. त्यांनी कागद मांडले. कोणत्या टेबलावर काय नाकारले गेले, हे त्यांना नोंदवून ठेवायचे होते. मला या पुस्तकाचा कोरडेपणा आता दोष वाटत नाही.

४

साहित्याकडे येतो. सेनेगलचे लेखक उस्मान सेंबेन यांची १९६० सालची फ्रेंच कादंबरी ‘देवाची लाकडे’ अशा अर्थाच्या नावाची आहे. डाकार-नायजर रेल्वेच्या १९४७-४८च्या संपावर ती आधारलेली. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत चाललेल्या या संपात मागणी होती ती आफ्रिकी आणि फ्रेंच कामगारांना एकाच श्रेणीत घ्या ही. रेल्वेचे बहुसंख्य आफ्रिकी कामगार ‘साहाय्यक’ म्हणून नोंदलेले होते. वर्षानुवर्षे काम करूनही कायम श्रेणीत नसलेले. बजाजनगरच्या वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही.

या कादंबरीतली उपासमार, बायकांचा थिएसपासून डाकारपर्यंतचा पायी मोर्चा, यांची चर्चा नेहमी होते. मला महत्त्वाचे वाटतात ते वाटाघाटीचे प्रसंग. कुटुंबभत्त्याची मागणी व्यवस्थापन नाकारते, कारण आफ्रिकी माणसाला अनेक बायका असतात म्हणे. भत्त्याच्या रकमेमागचा खरा वाद लेखक उघडा करतो : या माणसाला कुटुंब आहे असे कागदावर मान्य करायचे का? एका बैठकीत संपाचा नेता बाकायोको अशा आशयाचे बोलतो की आमची एकही भाषा तुम्हाला येत नाही, म्हणून तुमच्या सोयीसाठी आपण फ्रेंचमध्ये बोलू. टेबलावरची भाषा कोणाची, हा प्रश्न एका वाक्यात पुढे येतो. सेंबेन स्वतः मार्सेयच्या बंदरावर गोदी कामगार होते आणि फ्रेंच युनियनमध्ये काम केलेले होते. टेबलाच्या अलीकडे कसे बसावे लागते हे त्यांना ठाऊक होते.

मराठीत काय दिसते? मामा वरेरकरांची ‘धावता धोटा’ ही कादंबरी १९३०च्या दशकातली, म्हणजे सरकारी कामगार अधिकारी हे पद जन्मले त्याच काळातली. गिरणीचे जग मराठी कादंबरीत आणण्याचे मोठे श्रेय तिला आहे; पण तिचा संघर्ष माणसांच्या स्वभावांतून आणि ध्येयांतून चालतो. नारायण सुर्व्यांच्या कवितेत कामगार प्रथमच स्वतःच्या आवाजात, कुणाची दया न मागता बोलू लागला. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ने १९८२चा संप घरात किती खोलवर शिरला ते दाखवले; त्या घरातला प्रत्येक जण वेगळ्या रीतीने मोडतो. या तिन्ही कृतींचे मोल मी कमी करत नाही. प्रश्न एवढाच की तो संप ज्या कायद्याखाली बेकायदा ठरला, ज्या कायद्यामुळे कामगारांना नको असलेली युनियन त्यांच्या वतीने बोलत राहिली, त्याचा माग आपल्या साहित्याने किती घेतला?

याला एक सरळ उत्तर आहे आणि ते रास्तही आहे. साहित्य म्हणजे कायद्याचा गोषवारा नव्हे. शिवाय गिरणगावच्या माणसाचे आयुष्य कार्यालयाने घडवलेले नव्हते. जॉबर, गाववाल्यांची खोली, खानावळ, तालीम, भजनी मंडळ, उधारीचा वाणी, हे त्याचे जग होते. राजनारायण चंदावरकरांसारख्या इतिहासकाराने गिरणी आणि मोहल्ला कसे एकमेकांत गुंतले होते ते सविस्तर दाखवले आहे. लेखकांनी चाळ लिहिली, कारण चाळच खरी होती. हे मला मान्य आहे.

परंतु कागद हा साहित्याचा विषय होऊच शकत नाही, हे मान्य नाही; कारण सुर्व्यांनीच तो करून दाखवला आहे. ‘मास्तर तुमचंच नाव लिवा’ या कवितेतली वेश्या आपल्या मुलाला शाळेत घालायला आली आहे. शाळेच्या नोंदवहीत बापाच्या नावाचा रकाना आहे आणि तो तिला भरता येत नाही. कवितेचे शीर्षक हीच तिची विनंती. आम्ही ही कविता मातृत्वाची, उपेक्षितांच्या करुणेची म्हणून शिकवतो. मीही तशीच शिकवली. आता वाचताना मला त्यात रकाना आधी दिसतो. त्या बाईला कुणी शिवी दिलेली नाही, मास्तरही वाईट नाही. तरी त्या एका मोकळ्या जागेने तिला कोपऱ्यात गाठले आहे, आणि ती तिथूनच वाट काढते. टेबलाच्या अलीकडे उभ्या राहिलेल्या माणसाचे इतके नेमके चित्र मला मराठीत दुसरे आठवत नाही. सुर्व्यांनी शाळेत शिपाई आणि मग शिक्षक म्हणून काम केले होते. नोंदवही त्यांनी जवळून पाहिली होती.

५

हे सगळे बजाजनगरमधून लिहिण्याला कारण आहे. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. औरंगाबादेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कापडगिरणी निघाली, तरी मुंबई इलाख्याचे कामगार कायदे इथे लागू नव्हते. १९५६ साली आम्ही मुंबई राज्यात आलो, १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, आणि गिरणगावात अर्ध्या शतकात भांडून, हरून, सवय होऊन रुजलेली व्यवस्था आम्हाला तयार मिळाली. १९७१च्या महाराष्ट्राच्या कायद्यात मान्यतेसाठी सहा महिने सलग किमान ३० टक्के सभासद दाखवावे लागतात. ते मोजायचे पावत्या आणि वह्या तपासून. कामगारांनी चिठ्ठी टाकून ठरवायचे नाही. त्याच कायद्यात, कायमपणाचे हक्क मिळू नयेत म्हणून माणसाला वर्षानुवर्षे बदली किंवा तात्पुरता ठेवणे ही अनुचित प्रथा म्हटलेली आहे. म्हणजे माझ्या पाच पत्रांचे वर्णन कायद्यात आधीच लिहिलेले होते. ते तिथे आहे हे मला पाच पत्रे घेऊन झाल्यावर कळले.

गिरणगावासारखी चाळ इथे नाही. बीड, जालना, परभणी, बुलढाण्याहून आलेली पोरे चार-चार जण खोली करून राहतात, ठेकेदार बदलला की रांजणगावहून पंढरपूरला, तिथून जोगेश्वरीला सामान हलवतात. त्यांना बांधणारा जॉबर नाही की तालीम नाही. सगळ्यांजवळ सारखी असलेली एकच वस्तू म्हणजे कागद : गेटपास, नेमणुकीचे पत्र, पगाराची पावती. म्हणून मला वाटते की चाळीच्या साहित्याचे निकष घेऊन या वस्तीकडे आले तर हाती काही लागणार नाही, आणि मग आपण म्हणू की कामगार साहित्य संपले. गेली काही वर्षे आपण तेच म्हणतो आहोत.

माझ्या वर्गात रात्रपाळी करून येणारा एक विद्यार्थी आहे. गेल्या वर्षी मी मुलांना आत्मपर लेखन करायला सांगितले. त्याने दोन पाने दिली. पहिल्या पानावर आई, गाव, दुष्काळ असे सगळे होते, आम्हीच शिकवलेले. दुसऱ्या पानावर त्याने आपल्या तीन ठेकेदारांची नावे, प्रत्येकाकडचे दिवस आणि प्रत्येक वेळी कागदावर आपले पद काय लिहिले होते ते ओळीने मांडले होते. मशीन तेच. पद एकदा मदतनीस, एकदा प्रशिक्षणार्थी, एकदा हमाल. खाली त्याने विचारले होते, “सर, हे पान धरायचे का?”

मी त्या वेळी पहिल्या पानाला गुण दिले आणि दुसऱ्यावर ‘विषयांतर’ असा शेरा मारला. शेरा लाल शाईत आहे आणि सही माझी आहे. या दिवाळीनंतर कॉलेज उघडले की ते पान मी त्याच्याकडून परत मागून घेणार आहे.